घाटमाथ्यावरचं थंड पाणी

“बाई, पोरीचं काजळ देता काय जरासं?”

अब्दुल गनी ओसरीच्या पायरीखाली उभा होता. हात कोपरापर्यंत काळे, आणि त्या हातांत जुन्या कपाटाच्या दाराची जाड काच, ताट धरावं तशी आडवी धरलेली. कुमुद माझ्या मांडीवर होती. मी तिच्या पायांची बोटं पाहत होते. दिवसातून कितीदा तरी पाहायचे.

“काजळ? कशाला हो गनीभाई?”

“गाडीले लावाचं हाय.”

आतून ज्वारी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, “काऊन रे गनी, आता गाडीलेबी नजर लागली काय?”

“नजर माणसाले लागते, माय. लोखंडाले बाक येते. तो पाह्याचा हाय.”

“मंग चुलीची काजळी ने. पोरीचं काजळ कोणी यंत्राले देते काय!”

“चुलीची रवाळ असते. हे तुपातलं हाय. काचेवर सारखं बसंल.”

मी डबी काढली. सासूबाई उठून आल्या, डबीतलं काजळ बोटावर घेऊन आधी कुमुदच्या गालाला लावलं, आणि मगच डबी त्याच्याकडे जाऊ दिली.

कुमुदचे दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाई दर आठवड्याला पाय थोडे थोडे सरळ करून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालत होत्या. नुसती बोटं तेवढी बाहेर. “एकही आठवडा चुकवू नका,” असं त्यांनी मला बजावलं होतं, “पाय पुन्हा मागे जातात. आणि बोटांवर लक्ष ठेवा. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. गुलाबी व्हायला वेळ लागला, तर असाल तशा निघा.” मी अमरावतीला बी. ए.पर्यंत शिकले, पण इतकं मन लावून कुठलाच धडा पाठ केला नव्हता.

रोहिणखेडहून बुलढाणा काही फार लांब नाही. पण मधे राजूरचा घाट. लढाई सुरू झाल्यापासून मोताळ्यावरून जाणारी मोटर कधी येई, कधी येत नसे. आली तर पायरीवरही माणसं लोंबकळत. तेव्हा आमच्या मामंजींची जुनी गाडीच काय ती आम्हाला आधार. आणि त्या गाडीच्या इंजनावरचं पॅकिंग दोनदा फुटून तिसऱ्यांदा फुटलं होतं.

मी कुमुदला कडेवर घेऊन गोठ्याकडे गेले. गाडीचं तोंड उघडं होतं. चार सिलिंडरांवरचं जड लोखंडी झाकण, ज्याला गनी ‘हेड’ म्हणे, ते त्यानं गोणपाटावर काढून ठेवलं होतं. हेड आणि खालचं इंजन यांच्यामध्ये तांब्याचं पातळ पॅकिंग बसतं. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि दोघांची गाठ पडू नये म्हणून मधे ते. काढलेलं पॅकिंग त्यानं मला दाखवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध जळून दातेरी झालेलं.

“तिन्ही खेपा इथंच,” तो म्हणाला. “पयल्यांदा म्हटलं, जुनं झालं. दुसऱ्यांदा म्हटलं, माह्याच हातून नटं मागंपुढं आवळल्या गेले असतीन. आता म्हणासारखं काई उरलं नाही.”

त्यानं काचेवर काजळ पसरलं, हेड उचलून त्यावर ठेवलं, जरासं हलवलं आणि उलटं केलं. कडा सगळ्या काळ्या झाल्या होत्या. मधे चार बोटं रुंद जागा कोरीच राहिली होती.

“पाहा. टेकतच नाही. इथूनच पाणी खाली जाते, तेलात.”

ते तेल मी आधी पाहिलेलं होतं. काळं तेल पाण्यानं घुसळून पांढुरकं, दाट झालेलं. गड्यांमध्ये बोलणं झालं होतं की गाडीला दूध आलं, आणि मेलेल्या माणसाच्या गाडीला दूध येणं काही बरं नव्हे.

मेलेला माणूस म्हणजे रहेमतुल्ला. गनीचा थोरला भाऊ, आमचा ड्रायव्हर. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच्या मे महिन्यात, मामंजींच्या छातीत दुखायला लागलं म्हणून तो त्यांना घेऊन बुलढाण्याला निघाला होता. घाटात गाडी उकळली. समोर अडकवलेल्या छागलीत त्याचं पिण्याचं पाणी होतं, ते त्यानं गाडीत ओतलं. तेवढ्यावर गाडी माथ्याला पोचली आणि पुन्हा कोरडी पडली. मामंजींना कडुनिंबाखाली निजवून तो बादली घेऊन दरीत उतरला. इकडे मामंजींना एका बैलगाडीवाल्यानं पुढे नेलं, ते वाचले, त्यानंतर वर्षभर जगले. रहेमतुल्ला तिसऱ्या प्रहरी सापडला. उन्हानं गेला होता. बादली त्याच्याजवळच होती, आणि ती काठोकाठ भरलेली होती.

हे मला ज्यानं ज्यानं सांगितलं, तो त्या भरलेल्या बादलीपाशी थांबला.

आताचा ड्रायव्हर मोतीराम गाडीत बसण्याआधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावी. “घाटात शेवटच्या वळणावर गाडी आपूनच धीमी होते, बाईसाहेब. म्या काईच करत नाही,” असं तो मला एकदा म्हणाला होता. मी हसले होते. पण त्यानंतर त्या वळणावर मी दर वेळी त्याच्या पायांकडे पाहत असे.

गनीनं ते हेड काचेवर घासून घासून सरळ केलं. किती दिवस त्याचा खरखर आवाज गोठ्यातून येत होता. पॅकिंग बसवलं, नटं मधून सुरुवात करून कडेकडे आवळत नेली. दोन खेपा निर्वेध झाल्या. तिसऱ्या खेपेला काय झालं, ते सांगायला हवं.

घाटमाथ्यावर मोतीराम नेहमीसारखा थांबला, इंजन बंद केलं आणि तंबाखू मळत पलीकडे गेला. कडुनिंबाखाली सुगराबीची पाणपोई होती. सुगराबी म्हणजे रहेमतुल्लाची बायको. नवरा गेल्यावर ती माहेरी राजूरला राहायला आली, आणि उन्हाळा लागला की रोज सकाळी घाट चढून येई. खालच्या झिऱ्यावरून पाणी आणून चार माठ भरी, ओली वाळू, वर ओलं गोणपाट. येणारा-जाणारा म्हणे की असं थंड पाणी मलकापूर स्टेशनातही मिळत नाही.

पण ती पहिलं पाणी माणसांना देत नसे. माठ कमरेवर घेऊन ती सरळ गाडीच्या तोंडाशी आली. ओल्या फडक्यानं टोपण फिरवलं. वाफ उसळून तिच्या तोंडावर आली, तरी ती मागे सरली नाही. माठ वाकवला. आतून आवाज आला. गटगट, गटगट. फार तहानलेलं जनावर पीत असावं तसा. आणि त्या आवाजाखाली, लोखंडाच्या पोटात कुठेतरी, टक्... टक्.

“पी,” ती म्हणत होती. “पी बाप्पा. पोटभर पी.”

मी तिला विचारलं, “सुगराबी, आधी माणसांना का नाही देत?”

“माणूस मांगून घेते, बाई,” ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. “हे मांगत नाही. हे घेऊनच जाते. यानं त्याचं पाणी पिलं. त्यानं याचं नाही पिलं.”

मी कुमुदला छातीशी घट्ट धरलं. खरं सांगायचं तर तो गटगट आवाज थांबेपर्यंत मी श्वास रोखून होते. आणि थांबल्यावर मला बरं वाटलं. शिकलेली मी. पण मांडीवर मूल असताना त्या माथ्यावर मला वाटलं, पिऊ दे, याचं पोट भरू दे.

त्या दिवशी कुमुदला नवं प्लास्टर घालून परतताना गाडी खोकायला लागली. मागून पांढरी वाफ. घाट आम्ही नुसत्या उतारानं उतरलो, आणि मोताळ्याच्या अलीकडून बैल जुंपून गाडी रोहिणखेडला आणली. जुन्या मशिदीजवळ माणसं ओट्यांवरून उठून उभी राहिली. मेलेलं माणूस चाललेलं असावं तशी.

गनीनं पुन्हा हेड काढलं. पुन्हा काच, पुन्हा कुमुदचं काजळ. मधली चार बोटं जागा पुन्हा कोरी.

तो त्या कोऱ्या जागेकडे पाहत उकिडवा बसला. मग मोतीरामाला म्हणाला, “म्या सरळ केलं होतं. सोताच्या हातानं. हे पुन्हा वाकलं. म्हणजे कोणीतरी वाकवून राह्यलं.”

“म्या तं पयलेच म्हटलं होतं,” मोतीराम म्हणाला. “तुह्या भावाचा जीव अडकला हाय त्याच्यात.”

“माह्या भावानं उभ्या जिंदगीत एक नट वाकडा नाही लावला, तो मेल्यावर लावते काय बे? घाट चढल्यावर पाणी कवा घालतं? इंजन चालू ठेवतं का बंद?”

“म्या पाणी नाही घालत.”

“उकळते का नाही मंग?”

“उकळते ना.”

“मंग पाणी काय आभाळातून पडते?”

मोतीरामानं माझ्याकडे पाहिलं, आणि मान फिरवून बैलांचं दावं सोडायला निघून गेला. आता सांगणारी मीच उरले. मला ते सांगावंसं वाटत नव्हतं.

“सुगराबी घालते,” मी म्हणाले. “माठातलं.”

गनीच्या हातातलं फडकं थांबलं. “भाबी?” तो म्हणाला. “लय थंड असते काय?”

“दात ठणकतात.”

“हाव. तिच्या हातचं थंडच असते.” तो फडक्यानं तीच जागा पुसत राहिला. “तापल्या तव्यावर थंड पाणी मारलं का तवा काय करते, बाई? टण्णकन वाकते. तसंच झालं हे. भाऊ गाडीची बादली उन्हात ठेवे. आपून झाडाखाली बसे अन् बादली उन्हात. लोकं हासत त्याले. इंजन चालूच ठेवे, अन् धार धरे अशी बारीक, लेकराले दूध पाजावं तशी. ते भाबीले काय मालूम? तिनं तं आपलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं.”

शेवटचं एक पॅकिंग त्याच्याकडे होतं. मुंबईहून माल येणं लढाईमुळे बंद. ते बसवून तो म्हणाला, “हे गेलं का गाडीत कोंबड्या पाळा. सकाळी वर जाऊन भाबीले सांगून येतो, मंगच गाडी काढू.”

सकाळी तो गेला नाही. दुपारी मशिदीमागच्या त्याच्या पत्र्याखाली मी गड्याला पाठवलं, तर तो एक सायकल खोलून बसला होता. संध्याकाळी आमच्याकडे आला तेव्हा मीच विचारलं.

“काय सांगू तिले?” तो म्हणाला. “का तुह्या नवऱ्याची गाडी तूच मारून राह्यली? एवढ्या पाण्यावर ती जिती हाय, बाई.”

“आणि समजा तिनं पाणी घातलं नाही,” मी म्हणाले, आणि सुगराबीचं ‘हे घेऊनच जाते’ आठवून कुमुदला जवळ ओढलं. त्याला ते कळलं. त्यानं कुमुदकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. म्हणजे त्याच्याही मनात होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद रडायची थांबेना. मी डाव्या पायाचं बोट दाबलं. पांढरं झालं. सोडलं. पांढरंच राहिलं. मग हळूहळू जो रंग आला तो गुलाबी नव्हता, जांभळट होता.

कुमुदचे वडील खटल्यासाठी अकोल्याला गेलेले. सासूबाई देवापुढे बसल्या. मी तशीच अनवाणी गोठ्याकडे धावले. गनीला निरोप गेला आणि तो आला तो मोतीरामाला बाजूला सारून स्वतःच चालवायला बसला. घरातून पाण्याचा एक पत्र्याचा डबा मागून घेतला आणि तो बाहेर, गाडीच्या पायरीवर, उन्हात बांधला.

घाटापर्यंत कुमुदचा पाय मी उंच धरून ठेवला होता. घाटात गाडी तापली, टोपणापाशी फुसफुसायला लागली. शेवटच्या वळणावर ती धीमी झाली. मी गनीच्या पायांकडे पाहिलं. ॲक्सिलरेटरवर त्याचा पाय पूर्ण दाबलेला होता.

माथ्यावर सुगराबी आधीच उठून उभी होती, कमरेवर माठ, हातात फडकं. गनीनं इंजन बंद केलं नाही. तो उतरला आणि गाडीच्या तोंडापुढे जाऊन उभा राहिला.

“सरक,” ती म्हणाली. “उबून राह्यली ते.”

“आधी मले, भाबी.”

“तुले काय घाई? हे पाह्यलं ना किती तापलं?”

“मले पाज.” त्यानं ओंजळ पुढे केली.

तिनं एकदा गाडीकडे पाहिलं. मग माठ वाकवला. तो पीत राहिला. पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, तेलाच्या काळेपणात त्याच्या पांढऱ्या रेघा उमटत होत्या. एकदा थांबून त्यानं दम घेतला, पुन्हा ओंजळ केली.

“उन्हाचं एवढं पिऊ नको. पोटात लागंल.”

“पाज.”

“गाडीचं हाय हे, गनी.”

“मले मालूम हाय,” तो म्हणाला. “त्यानं नाही पिलं. मी पितो.”

मला ओरडावंसं वाटत होतं की चला, पोर जांभळी पडली, चला. मी कुमुदचा पाय आणखी उंच धरला. इंजन धडधडत होतं. माठ तिरपा झाला, आडवा झाला, अर्धा पिऊन अर्धा सांडून रिकामा झाला. मग गनीनं पायरीवरचा डबा सोडला, टोपण काढलं, आणि चालत्या इंजनात त्यातलं ऊन-ऊन पाणी बारीक धारेनं सोडलं. गटगट झालं नाही. काहीच आवाज झाला नाही.

डबा खाली ठेवून तो तिच्याकडे वळला. “थंड पाण्यानं लोखंड वाकते, भाबी. चार खेपा गाडी फुटली ते त्याच्यानंच.”

“माह्या पाण्यानं?”

“हाव.”

“त्याच्या वक्ती कदी फुटली नाही ते?”

“तो बादली उन्हात ठेवे.”

सुगराबीनं रिकामा माठ या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. “मले नाही सांगितलं त्यानं,” ती म्हणाली.

“तू इचारलं नसशील.”

“इचाराले राह्यला कुठं?”

मग ती गाडीजवळ आली. आजवर ती कधी गाडीत डोकावली नव्हती. कुमुदचा पाय, माझा हात, ती जांभळी बोटं तिनं पाहिली.

“मायबाई,” ती गनीवर ओरडली, “पोट्टीचं असं झालं अन् तू पाणी पीत काय बसला बे? जा! जा ना!”

माथा ओलांडल्यापासून बुलढाण्यापर्यंत मी मागे वळून पांढरी वाफ दिसते का ते पाहत होते. एकदाही दिसली नाही. गाडी खोकली नाही. डॉक्टरीणबाईंनी कात्रीनं प्लास्टर कापलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती बोटं जांभळ्याची लाल झाली, लालाची गुलाबी. “वेळेवर आलात,” त्या म्हणाल्या. मला बसायला स्टूल दिलं. नवं प्लास्टर सैल घातलं. बाहेर गनी गाडीला टेकून उभा होता. मी मान हलवली, त्यानंही हलवली. तेलाची सळई काढून त्यानं बोटानं पुसून पाहिली. तेल काळंच होतं.

परतताना ऊन पांढरं झालं होतं. माथ्यावर कडुनिंबाखाली माठ होते, त्यांवर ओली गोणपाटं होती, एक गुराखी पाणी पीत होता. सुगराबी सावलीत नव्हती. ती रस्त्याच्या पलीकडे, उघड्या मुरमावर, डोक्यावर पदर ओढून बसली होती. पुढ्यात पाण्यानं भरलेलं जर्मनचं पातेलं.

गनीनं गाडी थांबवली.

आता पुढे उतारच होता. गाडी उकळली नव्हती. पाणी नको होतं, ते मलाही कळत होतं. गनीनं टोपण काढून ठेवलं आणि उन्हात उभा राहिला.

तिनं बाही वर सारली आणि कोपराचं टोक पातेल्यात बुडवलं. तान्ह्या लेकराच्या न्हाणाचं पाणी पाहावं तसं.

“अजून जरासं थांब,” ती म्हणाली.

“हाव,” गनी म्हणाला.

मी कुमुदच्या तोंडावर पदर धरला, आणि आम्ही थांबलो.